बाथरूमचा व्हेंटिलेटर प्लॅनमध्ये का दिसत नाही?

आमच्याकडून ड्रॉइंग घेणारे आर्किटेक्ट, इंटिरियर कंत्राटदार आणि सोसायट्यांच्या पुनर्विकास समित्या यांच्यासाठी

प्लॅनची पहिली प्रिंट हातात पडली की हमखास फोन येतो: बाथरूमचा व्हेंटिलेटर काढून टाकलात का? तो काढलेला नसतो. रेव्हिट या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलमध्ये तो जागच्या जागी असतो, सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) दिसतो, खिडक्यांच्या शेड्यूलमध्येही (यादीतही) त्याची नोंद असते. फक्त त्या प्लॅनमध्ये दिसत नाही. असं का होतं हे समजलं की दुरुस्त्या सांगणं तुम्हालाही सोपं जाईल आणि आमच्या फेऱ्याही वाचतील.

मजला एका ठरावीक उंचीवर आडवा कापून वरून खाली पाहिलं की जे दिसतं, तो प्लॅन. रेव्हिटच्या नेहमीच्या मेट्रिक टेम्पलेटमध्ये (नव्या मॉडेलसाठीच्या तयार नमुना फाइलमध्ये) ही उंची, म्हणजे कट प्लेन, त्या मजल्याच्या पातळीपासून १२०० मिलिमीटर असते. त्याच्या वर २३०० ला वरची हद्द आणि खाली शून्यावर तळ. या सगळ्याला मिळून व्ह्यू रेंज म्हणतात. आता आपल्या नेहमीच्या टू-बीएचकेमध्ये बघा. बेडरूमच्या खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, ९०० ला, म्हणून खिडकी कापली जाते आणि नीट दिसते. ओटा ८५० च्या आसपास, म्हणजे कापाच्या खाली, म्हणून तो वरून पाहिल्यासारखा दिसतो. व्हेंटिलेटरची सिल मात्र १८०० ला. १२०० वर तिथे नुसती भिंत आहे, म्हणून प्लॅनमध्येही सलग भिंतच येते.

यावर दोन उपाय सुचतात. त्यातला पहिला कृपया करू नका. अख्ख्या प्लॅनचा काप १९०० वर नेला तर व्हेंटिलेटर दिसेल, पण ज्या खिडक्यांचं डोकं त्याखाली आहे त्या कापातून निसटतील, आणि एक दुरुस्त करताना चार ठिकाणी बिघडेल. दुसरा उपाय प्लॅन रीजनचा. फक्त बाथरूमच्या त्या भिंतीभोवती चौकट आखायची आणि तेवढ्याच भागाचा काप उंच करायचा. बाकीचा प्लॅन जसाच्या तसा राहतो. अशा दोन चौकटींच्या कडा एकमेकींना लागल्या तर चालतात, चौकटी एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत. शाफ्टच्या (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेच्या) दोन्ही बाजूंना टॉयलेट असतील तर चौकटी आखताना हे सांभाळावं लागतं.

घाईत काही जण व्हेंटिलेटरच्या जागी चार रेषा ओढून मोकळे होतात. आमचा याला ठाम विरोध आहे. उद्या प्लंबिंगचा पाइप आडवा आला आणि व्हेंटिलेटर ३०० ने सरकवला, तर सेक्शन बदलेल, एलिव्हेशन (समोरून दिसणारं उभं चित्र) बदलेल, पण त्या चार रेषा जुन्या जागीच राहतील. साइटवरचा गवंडी प्लॅन पाहून भोक पाडतो. त्याच्या हातात चुकीचा कागद जाता कामा नये.

छज्जा, लॉफ्ट आणि बीम यांचंही असंच आहे. मुंबईच्या घरात लॉफ्टला फार किंमत असते, पण तो असतो डोक्याच्या वर, म्हणजे कापाच्याही वर. तो तुटक रेषेत हवा असेल तर आम्ही वरची पातळी अंडरले म्हणून, म्हणजे या प्लॅनमागे फिकट दिसेल अशी, आणतो आणि त्या वस्तूच्या कडांनाच तुटक रेषेची शैली देतो. वेगळी रेघ ओढत नाही. हे काम आपोआप होत नाही, त्यामुळे लॉफ्ट दाखवायचा असेल तर आधी सांगा.

काही गोष्टी नियमाला धरून चालत नाहीत. कंपाउंडची भिंत १५०० उंच असेल तर ती १२०० वर कापली जाऊन भरीव दिसायला हवी. पण दोन मीटरपेक्षा कमी उंचीची भिंत रेव्हिट कापतच नाही, वरून पाहिल्यासारखी नुसती रेषांत दाखवतो. गच्चीच्या कठड्याचंही तेच. भिंतीत भराव दिसला नाही म्हणून ती चुकीची काढली असं समजू नका. टॉयलेटचा सन्क (खाली बसवलेला) स्लॅब तळाच्या खाली असूनही दिसतो, कारण स्लॅब, जिने आणि रॅम्प यांना तळाखाली सुमारे १.२ मीटरपर्यंत सूट आहे. तसंच ओट्याच्या वरची कपाटं कापाच्या वर असली तरी प्लॅनमध्ये येऊ शकतात.

उंची बरोबर असूनही वस्तू दिसत नसेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. व्हिजिबिलिटी-ग्राफिक्समध्ये (काय दिसावं हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) तो अख्खा प्रकार बंद असू शकतो, एखादा फिल्टर लागलेला असू शकतो किंवा कोणी तरी तेवढीच वस्तू लपवलेली असू शकते. बल्बच्या चिन्हावर क्लिक केलं की लपवलेल्या वस्तू गडद गुलाबी रंगात समोर येतात. आम्ही शोधायला इथूनच सुरुवात करतो. मॉडेल तुमच्याकडेही उघडत असाल आणि व्हिजिबिलिटीचे पर्याय करडे पडलेले दिसले, तर त्या व्ह्यूला व्ह्यू टेम्पलेट, म्हणजे दिसण्याच्या सेटिंगचा ठरवलेला संच, लावलेलं आहे. ते काढू नका, आम्हाला कळवा. त्याच टेम्पलेटवर बाकीच्या मजल्यांचे प्लॅनही चालतात.

दादर-गिरगावातल्या जुन्या इमारतींतल्या घरांच्या दुरुस्तीत फेजचा, म्हणजे कामाच्या टप्प्याचा, मुद्दा येतो. जुनी ठेवायची भिंत, पाडायची भिंत आणि नवी भिंत या तिन्ही एकाच मॉडेलमध्ये असतात. कोणत्या प्लॅनमध्ये कोणती दिसणार हे फेज फिल्टर ठरवतो. म्हणून तोडफोडीचा प्लॅन आणि नव्या कामाचा प्लॅन आम्ही वेगळे देतो. तोडफोडीचा प्लॅन सुताराला देऊ नका.

ज्यांना ऑटोकॅडची फाइल जाते त्यांच्यासाठी एक सूचना. पडद्यावर दिसणारी रेष छापून येत नसेल तर ती डेफपॉइंट्स लेयरवर आहे का ते आधी पाहा. त्या लेयरवरचं काहीही प्रिंटमध्ये येत नाही.

दुरुस्ती कळवताना शीटचा क्रमांक, खोली, कोणती वस्तू हवी आणि ती जमिनीपासून किती उंचीवर आहे एवढं लिहा. उंची कळली की वस्तू कापाच्या वर आहे की खाली हे लगेच कळतं. प्रिंटवर लाल पेनाने गोल करून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलात तरी चालेल, फक्त फोटोत शीटचा क्रमांक वाचता आला पाहिजे.