अफूची नव्हे, बाजाराची वजने: ब्रह्मदेशातील कांस्य हंस

जुन्या वस्तूंच्या दुकानात हंसाच्या किंवा सिंहासारख्या प्राण्याच्या आकाराची ही छोटी ब्रह्मी वजने ‘अफूची वजने’ म्हणून विकली जातात. नाव पाश्चात्त्य प्रवाशांनी आणि संग्राहकांनी रूढ केले. अफू त्यांवर तोलली गेली असेलच, पण मसाले, कापूस, चांदीही त्याच पारड्यात पडत होती. अफूमुळे गिऱ्हाईक थांबते, एवढाच त्या नावाचा उपयोग.

मूळ परिमाण तिकल, ब्रह्मीत ‘क्यात’. आजच्या चलनाचे नाव याच वजनावरून आले. एक तिकल म्हणजे सुमारे १६.३ ग्रॅम, आपल्या हिशेबाने १.४ तोळे. शंभर तिकलांचा एक विस्स: १.६३ किलो, ८० तोळ्यांच्या शेराने बरोबर पावणेदोन शेर. संचात साधारणपणे १००, ५०, २०, १०, ५, २, १ आणि त्याखाली अर्धा, पाव तिकल असत. हंस म्हणजे ‘हिंता’, दक्षिण ब्रह्मदेशातील पेगूच्या मोन लोकांच्या राज्याचे चिन्ह.

घडण मेण वितळवून ओतण्याच्या पद्धतीची. मेणाचा हंस करून त्यावर मातीचे थर द्यायचे, वाळवून भाजायचे. मेण वाहून गेले की त्या पोकळीत कांस्य ओतायचे. साचा पुरता वाळला नसेल तर वाफ कोंडते, वजनाला छिद्रे पडतात आणि तोल कमी भरतो. जास्त भरलेले वजन तळाशी कानस मारून उतरवता येते; कमी भरलेल्यात धातू वाढवणे अवघड. साचा दर वेळी फोडावा लागतो, म्हणून एकाच मापाचे दोन हंसही हुबेहूब सारखे नसतात.

१८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली. राजा थिबा रत्नागिरीला आला, १९१६ मध्ये तिथेच वारला; त्याच्या राज्याबरोबर या वजनांचा अधिकृत मानही गेला.

पारख करायची तर आधी तराजू काढा, नक्षी नंतर बघा. दहा तिकलांचा नग १६३ ग्रॅमच्या आसपास हवा. झीज आणि काळाचा फरक धरून थोडे इकडेतिकडे चालेल, पण १२० किंवा २०० भरला तर तो कोणत्याच मापात बसत नाही. पर्यटकांसाठी ओतलेल्या नकला इथेच उघड्या पडतात. दुसरी खूण झिजेची: खऱ्या हंसाची पाठ आणि डोके बोटांनी गुळगुळीत झालेले असते, खोबणीत मात्र जुना काळपटपणा टिकतो. तेजाबाने जुना केलेला नग सगळीकडे सारखाच खरवडलेला दिसतो. आणि घेतलेले वजन चिंच लावून लखलखीत करू नका. काळपटपणा जातोच, शिवाय चिमटीत मावणाऱ्या पाव तिकलाचे वजन मुळात चारच ग्रॅम असते, त्यात घासाघाशीने लगेच फरक पडतो.