निम्मे पाणी, पाव विहीर

अमेरिकेच्या मध्यभागातील ओगलाला जलधराविषयीच्या (जलधर म्हणजे पाणी धरून ठेवणारा जमिनीखालचा थर) बातम्यांत एक दिलासा वारंवार दिला जातो: अमुक भागातील निम्मे भूजल अजून शिल्लक आहे. वाचणाऱ्याला साहजिकच वाटते की निम्मी शेती तरी निर्धास्त आहे. टाकीच्या बाबतीत हा हिशेब खरा ठरतो. टाकी निम्मी उरली तरी तिच्यातला पंप पूर्वीच्याच वेगाने पाणी देतो, फक्त कमी दिवस देतो. जलधर मात्र टाकीसारखा वागत नाही. तो कसा वागतो हे आठ राज्यांतील शेतकऱ्यांना समजावून सांगणे, हे तेथील विद्यापीठांच्या कृषी विस्तार शिक्षकांपुढचे आजचे अवघड काम आहे.

ओगलाला म्हणजे भूमिगत सरोवर नव्हे. रॉकी पर्वतातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षे पसरलेल्या वाळू-खडीच्या थरांच्या पोकळ्यांत हे पाणी साठलेले आहे. साउथ डकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर क्षेत्राखाली तो आहे आणि अमेरिकेत सिंचनासाठी उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी जवळजवळ 30 टक्के पाणी येथून येते. रॉकी पर्वतावरचे बर्फ वितळून हा साठा अजूनही भरत असतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला मिळते ते मुख्यतः वर पडणारे पावसाचे पाणी, आणि दक्षिणेकडील कोरड्या भागात तेही फार थोडे झिरपते. अमेरिकेतही पाणाडे आहेत, आणि फांदी हातात धरून ते दाखवतात तेथे बहुधा पाणी लागतेही. त्यात फांदीचे कर्तृत्व शून्य आहे. जेथे जमिनीखाली जवळजवळ सर्वत्र पाणी आहे, तेथे कोरडी जागा शोधणे हीच खरी करामत ठरेल. विहीर मिनिटाला किती पाणी देईल आणि दहा वर्षांनी किती देईल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर फांदी काहीच बोलत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर भूजलशास्त्रातील एका सुंदर नियमात आहे. उपसा सुरू झाला की विहिरीतील पातळी भोवतालच्या पातळीपेक्षा खाली जाते, आणि या उतारामुळे चहूबाजूंचे पाणी कणांमधून वाट काढत विहिरीकडे येऊ लागते. किती पाणी येईल हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते: ते किती जाड थरातून येत आहे आणि विहिरीतील पातळी किती खाली ओढता येते. समजा, पाण्याने पूर्ण भरलेल्या, म्हणजे संपृक्त थराची जाडी 60 मीटरवरून 30 मीटरवर आली. पाणी येण्याचा मार्ग निम्मा झाला. पातळी खाली ओढण्यासाठी उरलेली खोलीही निम्मी झाली, कारण थराच्या तळाखाली पंप उतरवून काहीच मिळत नाही. निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव. गणिताच्या भाषेत सांगायचे तर, मुक्त, म्हणजे वर अभेद्य थराचे झाकण नसलेल्या, जलधरातील विहिरीचा स्थिर प्रवाह हा दूरच्या पातळीचा वर्ग आणि विहिरीतील पातळीचा वर्ग यांच्या वजाबाकीच्या सम प्रमाणात असतो, दोन्ही पातळ्या तळापासून मोजलेल्या. आणि प्रभावक्षेत्राची (विहिरीमुळे जेथवर पातळी खाली ओढली जाते त्या क्षेत्राची) त्रिज्या भागिले विहिरीची त्रिज्या या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या तो व्यस्त प्रमाणात असतो. लॉगरिदम अतिशय संथपणे बदलतो, म्हणून विहिरीचा व्यास दुप्पट केला तरी प्रवाह जेमतेम दहा टक्क्यांनी वाढतो. शेजारी दुसरी विहीर खोदली तर दोन्ही विहिरी एकमेकींची पातळी खाली ओढतात. थोडक्यात, घटलेल्या जाडीची भरपाई खोदकामाने होत नाही.

शेतावर याचा अर्थ काय होतो ते पाहू. मध्यबिंदूभोवती फिरणारा सिंचन संच, म्हणजे सेंटर पिव्होट, साधारणपणे 50 हेक्टरचे वर्तुळ भिजवतो. ऐन उन्हाळ्यात मक्याला दिवसाला सुमारे 8 मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला 4,000 घनमीटर, किंवा पंप रात्रंदिवस चालवून सेकंदाला सुमारे 46 लिटर. विहिरीची क्षमता पाववर आली की त्याच वर्तुळाला दिवसाला फक्त 2 मिलिमीटर मिळतात, आणि मक्याला तुरे व स्त्रीकेसर येण्याच्या दिवसांत पाऊस नसेल तर पीक हातचे जाते. जमिनीखाली पाणी आहे, पण हवे त्या आठवड्यात हवे तेवढे वर येत नाही. म्हणूनच संपृक्त थर साधारण 30 फुटांपेक्षा पातळ झाला की मोठ्या प्रमाणावरील सिंचन तेथे व्यवहार्य राहत नाही, असे मानले जाते, आणि उरलेले ते पाणी ‘शिल्लक’ या सदरात नुसते मांडलेले राहते.

हे ज्ञान शेतापर्यंत नेण्याची व्यवस्था अमेरिकेत जुनी आहे. 1862च्या कायद्याने कृषी महाविद्यालयांसाठी जमिनी दिल्या, 1887च्या कायद्याने प्रयोग केंद्रे उभी राहिली आणि 1914च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने केंद्र, राज्य आणि काउंटी यांच्या एकत्रित खर्चातून विस्तार सेवा सुरू झाली. या व्यवस्थेची रचना राज्यांच्या सीमांनुसार झाली, तर जलधराला सीमा ठाऊक नाहीत. त्यात कायदेही वेगळे. टेक्सासमध्ये जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क आहे, कॅन्ससमध्ये आधी हक्क मिळवणाऱ्याला प्राधान्य आहे, नेब्रास्कात भूजलाचे नियमन स्थानिक नैसर्गिक संसाधन जिल्हे करतात. रिपब्लिकन नदीच्या पाण्यावरून कॅन्ससने 1998मध्ये नेब्रास्काविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. अशा परिस्थितीत या राज्यांतील विस्तार शिक्षकांनी एकत्र बसून एकच हिशेब मांडणे मला न्यायालयीन तडजोडीहून अधिक मोलाचे वाटते.

नेब्रास्का विद्यापीठाच्या नॉर्थ प्लॅट येथील केंद्राने 2017मध्ये सुरू केलेली स्पर्धा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. शेतकऱ्यांचे संघ एकाच सिंचन संचाखालील छोट्या तुकड्यांसाठी वाण, रोपांची संख्या, नत्र, पाणी आणि विक्री यांचे निर्णय घेतात, आणि सर्वाधिक उत्पादनासोबत सर्वाधिक नफा आणि निविष्ठांची कार्यक्षमता यांसाठीही बक्षीस असते. पुढे ऑक्लाहोमा, कॅन्सस आणि कोलोरॅडो येथील विद्यापीठांनी हाच नमुना घेतला. पूर्वी भर असायचा तो उपकरणांवर. कॅन्ससमध्ये अनुदानातून बसवलेल्या कार्यक्षम नोझलांमुळे उपसा घटण्याऐवजी काहीसा वाढला, असे 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात दिसले. वाचलेले पाणी अधिक तहानलेल्या पिकांकडे वळले होते. ‘स्मार्ट’ उपकरणांच्या जाहिरातींत हा निष्कर्ष अर्थातच सापडत नाही.

उपसाच कमी करण्याचा प्रयोग कॅन्ससच्या शेरिडन काउंटीच्या परिसरात झाला. तेथील शेतकऱ्यांनी 2013पासून पाच वर्षांसाठी एकूण 55 इंच (म्हणजे भिजवलेल्या शेतावर पसरले तर तेवढी खोली भरेल इतक्या) पाण्याची मर्यादा स्वीकारली आणि कोणत्या वर्षी किती वापरायचे हे मात्र स्वतःकडे ठेवले. पातळीची घसरण मंदावली आणि 2018मध्ये मुदत वाढवण्यात आली. कॅन्सस भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांच्या विश्लेषणानुसार राज्याच्या पश्चिम भागात वार्षिक उपसा आणि पातळीतील बदल यांचे नाते जवळजवळ सरळ रेषेचे आहे. त्या रेषेवरून उपसा किती कमी केला तर पातळी निदान पुढील एक-दोन दशके स्थिर राहील हे काढता येते. हे गणित तेथे जमते, कारण कॅन्ससमध्ये सिंचनाच्या विहिरींना मीटर आणि वापराचा वार्षिक अहवाल सक्तीचा आहे. शेजारच्या राज्यांत ही सक्ती सर्वत्र सारखी नाही, आणि ती तशी होईपर्यंत सीमेपलीकडे तशी रेषा काढायला लागणारे आकडेच अपुरे आहेत.