नागपूरचं पाणी: धरणं आधी आली, हिशोब मागून आला

नागपूरच्या पाण्याचा विषय निघाला की अंबाझरीपासूनच सुरुवात होते, भोसल्यांच्या काळचा तलाव, 1870 मध्ये त्यातून शहराला पाणी मिळायला लागलं, मग 1912 ला गोरेवाडा, पुढे कन्हान आणि मग पेंच नदी. शहर वाढलं की आणखी लांबचं पाणी आणायचं, हेच चालत आलं. बांधायला पैसा एकदा मिळून जातो हो, पण पंपाचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, फुटलेल्या लाईनी हा खर्च रोजचा आहे, आणि तो कोण भरणार हे विचारायला आपल्याला फार वर्षं लागली.

2001 मध्ये मनपाने पाण्याच्या कामासाठी 50 कोटींचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले. मला ही गोष्ट मोठी वाटते, कारण सरकारी अनुदान देणारा वसुलीचं फारसं विचारत नाही, बाँडवाला विचारतो. नंतर 2005 च्या शेवटी जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरांच्या सुधारणेची केंद्राची योजना आली, त्यात 50 टक्के केंद्र, 20 टक्के राज्य, उरलेले 30 शहराने उभे करायचे, आणि नागपूरने तो वाटा खाजगी ऑपरेटरकडून घेतला. आधी धरमपेठ झोनमध्ये 24 तास पाण्याचा प्रयोग, मग मार्च 2012 पासून ऑरेंज सिटी वॉटर या खाजगी कंपनीकडे पूर्ण शहर, 25 वर्षांसाठी. यावरून भांडणं खूप झाली, अजून होतात.

पण खरा निर्णय त्याच्याही आधीचा, ज्याची सभागृहाबाहेर फारशी चर्चाच नाही. मनपाच्या 2009 च्या पाणी उपविधीत, म्हणजे नियमांत, पाण्याचे दर दरवर्षी 5 टक्के आपोआप वाढतील असं ठरलं. दरवर्षी सभागृहात त्यावर ओरड होते, पण जरा हिशोब करून बघा, दहा वर्षं दर रोखून धरले तर तेवढंच गाठायला नंतर एकदम 60 टक्क्यांच्या वर वाढ करावी लागते, आणि निवडणुकीच्या तोंडावर ती कोण करणार? मग पाईप बदलायचे राहतात, गळती वाढते, बिल न होणारं पाणी वाढतं, म्हणजे पैसा अजूनच कमी. माझ्या मते गरीब वस्तीसाठी वापराचा पहिला टप्पा स्वस्तच ठेवा, पण वाढ थांबवू नका.

2019 ने दुसरी बाजू दाखवली. मध्य प्रदेशात पेंचवर बांधलेल्या चौराई धरणामुळे वरून येणारं पाणी घटलं, त्यात पाऊस लांबला, शहराला पाणी देणारं पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि जुलैमध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं. पाणी कमी विकलं गेलं तरी पगार आणि कर्जाचे हप्ते कमी होत नाहीत, त्यामुळे अशा वर्षासाठी राखीव पैसा वेगळा लागतोच. भांडेवाडीच्या केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देणं मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं, पेंचचं पाणी वाचतं आणि मनपाला पैसेही मिळतात.

ऑरेंज सिटी वॉटरचा करार 2037 ला संपेल. तेव्हा 2012 नंतर बसवलेले मीटर, पंप, व्हॉल्व्ह बरेचसे बदलायलाच आलेले असतील, आणि तो पैसा आजच्या बिलांतून बाजूला पडतो आहे का, हे मनपाने दरवर्षीच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवावं.