सेकंदाला ३८ मीटर

मधुमेहाला अठरा वर्षं झाली आणि आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री आग होऊ लागली. डॉक्टरांनी वाशीला एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी, करून यायला सांगितलं. तिथली मुलगी घोट्याजवळ विजेचा एक हलका झटका द्यायची, मग गुडघ्याच्या मागे दुसरा. दोन्ही वेळा पायाचा अंगठा उडायचा. मग दोन खुणांमधलं अंतर ती टेपनं मोजायची. रिपोर्टात आकडा आला, सेकंदाला ३८ मीटर. पायाच्या या नसेला साधारण ४० च्या पुढचा वेग चांगला समजतात. घरी नेरुळला परतताना लोकलमध्ये आईने विचारलं, "वीज आहे ना ती? मग एवढी हळू कशी?"

घरातल्या तारेतून विजेचा संदेश सेकंदाला लाखभर किलोमीटरच्या पुढे धावतो, तेव्हा तिची शंका अगदी रास्त होती. शास्त्रज्ञांनाही या कोड्याने शंभर वर्षं छळलं आहे.

सुरुवात इटलीतल्या बोलोन्याची. लुईजी गॅल्व्हानीने १७९१ मध्ये लिहून ठेवलं की मेलेल्या बेडकाच्या पायाला धातू टेकवले की पाय आखडतो, म्हणजे प्राण्याच्या अंगातच वीज आहे. अलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटेना. ही वीज दोन वेगळ्या धातूंची, असं म्हणत त्याने १८०० मध्ये पहिली बॅटरी करून दाखवली. त्या प्रयोगापुरता व्होल्टा बरोबर होता, पण अंगात वीज असते हे गॅल्व्हानीचं म्हणणंही खरंच निघालं.

ही वीज धावते किती वेगाने, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. योहानेस म्युलर हा त्या काळचा मोठा शरीरशास्त्रज्ञ. त्याच्या मते हा वेग माणसाला कधी मोजता येणारच नव्हता. १८५० मध्ये त्याच्याच विद्यार्थ्याने, हर्मान हेल्महोल्ट्झने, तो मोजला. बेडकाची पोटरी आणि तिला जोडलेली नस घेऊन त्याने नसेला एकदा स्नायूच्या जवळ झटका दिला, एकदा लांब. लांबून दिला की स्नायू किंचित उशिरा आखडायचा. दोन ठिकाणांमधल्या अंतराला त्या उशिराने भागलं की झाला वेग, सेकंदाला साधारण २७ मीटर. स्नायूला जागं व्हायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणून वजाबाकीत तो आपोआप गळून पडतो. वाशीतली ती मुलगी घोटा आणि गुडघा घेऊन नेमकं हेच करत होती. पावणेदोनशे वर्षांत यंत्रं बदलली, युक्ती तीच राहिली. मला हे कळलं तेव्हा रिपोर्टाचा तो कागद मी पुन्हा काढून बघितला.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र विसाव्या शतकातलं. चेतापेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि मधल्या पातळ पडद्यामुळे आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण राहते. पडद्याचं महत्त्व यूलियुस बर्नस्टाइनने १९०२ मध्ये मांडलं. आवेग, म्हणजे नसेतून धावणारा विजेचा संदेश, येतो तेव्हा पडदा क्षणभर ढिला पडतो आणि हा फरक शून्यावर येतो, असा त्याचा अंदाज होता. तपासायचा कसा? आपल्या चेतापेशींचे लांब तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास जाड, त्यांच्या आत काय घालणार?

इथे कामी आला माकूल, म्हणजे स्क्विड. बेलापूरजवळ दिवाळ्याच्या मासळी बाजारात कोळीण माकूल साफ करताना आतली पारदर्शक काडी ओढून काढते आणि पांढरी नळी उरते. जिवंतपणी ही नळी एकदम आवळून, पाणी फेकून तो पळ काढतो. सगळी नळी एकाच क्षणी आवळायची तर हुकूम झटपट पोचायला हवा, म्हणून तिच्यात जाणारे काही तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतात. प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये त्यांच्याकडे लक्ष वेधलं. १९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात प्लिमथला ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूत केसाएवढी काचनळी सरकवली. आवेग आला की आतला भाग शून्यावर थांबत नव्हता, शून्य ओलांडून धन होत होता. बर्नस्टाइनचा अंदाज अपुरा होता. पण काही आठवड्यांत महायुद्ध पेटलं आणि काम थांबलं.

युद्धानंतर हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर आवेग खुजा झाला. कोडं सुटलं. आधी सोडियम आत घुसतं, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडतं, आणि एका जागी झालेला हा बदल पुढच्या जागेला उठवतो. १९५२ मध्ये हॉजकिन-हक्सलींनी हे समीकरणांत मांडलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. समीकरणातून वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्षात माकुलाच्या तंतूत २१.२. सोडियम-पोटॅशियम ज्यांतून ये-जा करतात ती पडद्यातली दारं तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती, तरी एवढं जवळचं उत्तर! दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं. एकेका दारातून वाहणारा प्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये मोजला.

म्हणजे वीज नसेतून वाहत जात नाही, ती जागोजागी नव्याने तयार होते. आईची नस हळू वाटते ती यामुळे. आपले जाड तंतू माकुलापेक्षा कितीतरी बारीक असून त्याच्याहून वेगवान, कारण त्यांच्यावर मायलिनचं मेदाचं वेष्टण असतं आणि आवेग वेष्टणातल्या एका फटीपासून पुढच्या फटीपर्यंत उडी घेतो. मधुमेहात हे वेष्टण आणि आतला तंतू दोन्ही झिजतात.

एक गोष्ट आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितली. सगळे तंतू एका वेगाचे नसतात, हे अर्लँगर आणि गॅसर या अमेरिकन जोडीने १९२० च्या दशकात दाखवलं होतं. ठेच लागते तेव्हा धक्का लगेच कळतो, ठणका मागाहून येतो, कारण तो बिनवेष्टणाच्या बारीक तंतूंतून सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगाने येतो. रात्रीची आगही याच तंतूंची. एनसीव्हीत ते दिसत नाहीत, त्यात फक्त जाड तंतूंची नोंद होते. म्हणून डॉक्टरांनी आकड्यावर न थांबता आईच्या पायाला टाचणी टेकवली, गार-गरम लावून पाहिलं, आणि कुठपर्यंत कळतंय ते पेनने खुणा करत वर घोट्यापर्यंत गेले.