मॅकफर्सन सस्पेन्शनमधील आवाजांचे निदान
जुन्या मोटारीच्या पुढील सस्पेन्शनमधून येणाऱ्या खडखड, टकटक, करकर अशा आवाजांवरून झिजलेला भाग शोधण्याची पद्धत. येथे केवळ मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप व स्प्रिंग एकत्र असलेला चाकावरचा उभा खांब) रचनेचा विचार केला आहे.

रचनेचे जनकत्व अमेरिकन अभियंता अर्ल एस. मॅकफर्सन यांना दिले जाते. फियाटचे ग्विडो फोर्नाका यांचे १९२०च्या दशकातील पेटंट पूर्वसूरी मानणारेही आहेत. मात्र शॉकअप (हादरे शोषणारी नळी), स्प्रिंग व स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पोलादी सळई) यांची आज परिचित असलेली सांगड मॅकफर्सन यांचीच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिला वापर फोर्डच्या फ्रान्समधील व्हेडेट गाडीत (१९४९च्या सुमारास) की ब्रिटनमधील कॉन्सलमध्ये (१९५०), याबद्दल एकमत नाही. मूळ कल्पनेत बार गाडीचा कल रोखतो आणि खालच्या आर्मला (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला) पुढेमागे सरकूही देत नाही. मारुती ८०० मध्ये हीच मांडणी होती. त्यामुळे बारच्या टोकाचे बुश (सांध्यातले रबरी अस्तर) गेले की खड्ड्यातली खडखड आणि ब्रेक दाबतानाचा ‘धप्’ हे दोन्ही आवाज एकाच जागेतून येतात. नंतरच्या अनेक गाड्यांत बारला स्वतंत्र लिंक रॉड (जोडणारी छोटी सळई) असते. तेथे हे आवाज वेगळे धरावेत.

आवाज पत्र्यातून प्रवास करतो, म्हणून कान फसतात. आवाज कोणत्या क्रियेत येतो, ते आधी नोंदवावे. बारीक खडबडीत रस्त्यावर २०–३० किमी वेगाने टकटक येत असेल, तर पहिला संशय लिंक रॉडवर. एकच चाक जॅकवर उचलल्यास बारला पीळ बसून लिंक रॉडची ढिलाई लपते. दोन्ही चाके टेकलेली किंवा दोन्ही लोंबती ठेवून रॉड हाताने हलवावी. ब्रेक लावताना किंवा गाडी थांबलेल्या जागेवरून पुढे काढताना एकच ठोका पडल्यास आर्मचे बुश पहारीने रेटून पाहावे. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटत असेल, तर स्ट्रटच्या डोक्याचे बेअरिंग जाम असते.

गाडी घोडीवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी आधारावर) घेऊन चाक वरखाली धरून हलवावे. खेळ जाणवला, तर दुसऱ्याने ब्रेक दाबावा: खेळ थांबल्यास चाकाचे बेअरिंग, न थांबल्यास बॉल जॉइंट (आर्म व चाकामधला गोलाकार सांधा). डाव्या-उजव्या बाजूने धरल्यावरच खेळ येत असेल, तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) किंवा स्टिअरिंग रॅक (तो दांडा सरकवणारी यंत्रणा). या रचनेत बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा भार नसतो; म्हणून चाक लोंबते ठेवूनच तो तपासावा. हलक्या ब्रेकने खडखड थांबली, तर दोष बहुधा सस्पेन्शनचा नसून सैल ब्रेक पॅडचा असतो. (डिकीतला जॅकच सैल होऊन खडखडत नाही ना, हेही तपासून घ्यावे.)

करकर कोणत्या बुशाची, हे पाहण्यासाठी एकेकावर साबणाचे पाणी मारावे. आवाज काही काळ थांबला की जागा सापडली. डिझेल किंवा खनिज तेल मारू नये. त्याने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडते.

नवे बुश बसवूनही आवाज परत येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चाके लोंबती असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळणे. गाडी खाली टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. अखेरची आवळणी चाकांवर भार असतानाच करावी. स्ट्रट बदलल्यावर ठोका येत असेल, तर वरचा मधला नट सैल राहिलेला असू शकतो. पण कॉम्प्रेसर नावाच्या अवजाराने स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय तो सोडणे जीवघेणे आहे.