बॅग-१ प्रतिपिंडे

बॅग-१ या प्रथिनाला नेमके ओळखून चिकटणारी, संशोधनासाठी वापरली जाणारी प्रतिपिंडे. प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीत यांना अँटिबॉडी म्हणतात.

बॅग-१ हे को-चॅपरोन, म्हणजे चॅपरोन प्रथिनाचे मदतनीस, आहे. पेशीतील प्रथिनांची घडी नीट बसावी म्हणून एचएसपी-७० हे चॅपरोन राबते. बॅग-१ आपल्या शेपटाकडच्या भागाने त्याला बिलगते, तेथील एडीपी (वापरून झालेल्या ऊर्जारेणूचा उरलेला भाग) सोडवते आणि धरून ठेवलेले प्रथिन मोकळे होते. पेशीमृत्यू रोखणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाचा जोडीदार म्हणून ते १९९५ मध्ये सापडले. त्याच्या ‘बीसीएल-२ असोसिएटेड अथॅनोजीन-१’ या पूर्ण नावातील ‘अथॅनोजीन’ हा शब्द ‘अमर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतला आहे.

माणसात एकाच एमआरएनएपासून (जनुकातील प्रथिनाचा आराखडा वाहून नेणाऱ्या रेणूपासून) त्याची तीन मुख्य रूपे बनतात : एल (सुमारे ५० किलोडाल्टन; हे रेणूच्या वजनाचे एकक), एम (४६) व एस (३६). प्रथिन बनायला प्रत्येक वेळी निराळ्या ठिकाणाहून सुरुवात होते. एलची तर एयूजी या नेहमीच्या तीन अक्षरी संकेताऐवजी सीयूजीपासून. एल केंद्रकात राहून अँड्रोजन या पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहीकडून होणारे प्रतिलेखन (जनुकावरून आरएनए बनणे) वाढवते, म्हणून प्रोस्टेटच्या कर्करोगात त्याच्याकडे लक्ष असते. एस मुख्यतः पेशीद्रवात आढळते.

प्रतिपिंड निवडताना खरी अडचण येथेच येते. एस सबंध एमच्या पोटात आहे आणि एम सबंध एलच्या पोटात. शेपटाकडचा भाग ओळखणारे प्रतिपिंड तिघांनाही चिकटते. वेगळे ओळखता येईल असा तुकडा फक्त एलच्या आरंभी आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलमध्ये वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत) वजनानुसार पट्टे वेगळे पडत असल्याने निभावते. ऊतीच्या छेदावर ती सोय नाही. रंग केंद्रकात आला की पेशीद्रवात, हे न लिहिता दिलेला ‘बॅग-१ पॉझिटिव्ह’ हा शेरा अपुरा समजावा. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या २१ जनुकांच्या प्रसिद्ध चाचणीत बॅग-१ आहे, पण ती आरएनए मोजते. तिन्ही रूपांचा आरएनए एकच असल्याने रूपभेद तिलाही दिसत नाही.

बॅग-१चे जनुक काढून टाकलेल्या पेशींतही पट्टा उमटत असेल, तर ते प्रतिपिंड दुसऱ्याच कशाला तरी चिकटते आहे. ही परीक्षा टाळू नये. क्रोमॅटिनवरील (केंद्रकातील डीएनए व त्याला बिलगलेल्या प्रथिनांवरील) प्रयोगात प्रथिने जागच्या जागी जखडणाऱ्या फॉर्मॅल्डिहाइडमुळे प्रतिपिंडाची चिकटण्याची जागा झाकली जाऊ शकते, म्हणून ब्लॉटमध्ये चांगले चाललेले प्रतिपिंड तेथे चालेलच असे नाही.

गोव्यात जीवशास्त्रीय संशोधनाचे शिक्षण ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात व झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या परिसरात मिळते. ऊतीपरीक्षणाचे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. फोंडा-पेडण्याच्या मराठी शाळांतून तेथे पोचलेल्या विद्यार्थ्याने कॅटलॉगमध्ये किमतीआधी एपिटोपचा, म्हणजे प्रतिपिंड प्रथिनाच्या ज्या भागाला चिकटते त्याचा, रकाना वाचावा. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरमधील प्रतिपिंड वितळते, पुन्हा गोठते आणि दर खेपेस निकामी होत जाते. आल्या दिवशीच ते छोट्या नळ्यांत वाटून ठेवावे.