आठशे किलोचा ताण आणि हातातला दोर

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचं बंदर आहे. तिथून ‘वेदरली’ ही जुनी शर्यतीची नौका पर्यटकांना घेऊन समुद्रात निघते. फिलिप ऱ्होड्स यांनी आराखडा केलेली ही लाकडी नौका 1958 सालची. 1962 मध्ये तिने ऑस्ट्रेलियाच्या ‘ग्रेटेल’ला हरवून अमेरिकाज कप हा नौकाशर्यतीचा चषक राखला. ती ‘12 मीटर’ वर्गातली असली तरी लांबीला 20 मीटरच्या वर भरते. लांबी, शिडांचं क्षेत्रफळ अशी मापं एका ठरलेल्या सूत्रात घातली की उत्तर 12 यायला हवं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

अशा सफरीत हौस असेल त्याच्या हाती दोर दिला जातो, आणि तिथेच बहुतेकजण कचरतात. शिडाचा दोर ओढायचा म्हणजे पैलवानाचं काम, अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात साठीच्या आजीबाईही तो दोर आरामात धरून उभ्या राहू शकतात. कसं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी भार किती ते पाहू. नौका वाऱ्याच्या रोखाने तिरकी चालली असेल, तर खऱ्या वाऱ्यात तिच्या स्वतःच्या वेगाची भर पडते. डेकवर 20 नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण 10 मीटर वारा जाणवतो असं धरू. या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 6 किलो होतो. पुढचं त्रिकोणी शीड 100 चौरस मीटरचं असेल, तर 600 किलो झाले. शिडाच्या बाकामुळे त्यात आणखी भर पडते. शिडाचा मागचा कोपरा आवरणाऱ्या दोराला खलाशी ‘शीट’ म्हणतात (शीट म्हणजे शीड नव्हे, इथे नवखे हमखास फसतात). त्याच्यावर ढोबळमानाने 800 किलोचा ताण येतो असं समजू. वारा दुप्पट झाला की हा ताण चौपट.

हा दोर थेट हातात येत नाही. आधी तो विंचच्या, म्हणजे हँडलने फिरवून दोर ओढायच्या यंत्राच्या, धातूच्या ड्रमला वेढे घेतो. वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, खालून वर. घर्षणांक (दोर ड्रमला किती धरून राहतो त्याचं माप) 0.25 धरला, तर एका वेढ्यानंतर 800 किलोंचे 167 उरतात. दुसऱ्यानंतर 35, तिसऱ्यानंतर 7. चौथा दिलात तर दीड किलो, म्हणजे भाजीच्या पिशवीएवढा भार.

प्रत्येक वेढ्याला ताण पाचपट कमी का होतो? ड्रमवरच्या दोराचा अगदी छोटा तुकडा डोळ्यांसमोर आणा. दोर वळलेला असल्यामुळे त्यातला ताण त्याला ड्रमवर दाबतो. ताण जितका जास्त, तितका दाब जास्त, आणि दाब जास्त तर घर्षणही जास्त. त्या घर्षणाने ताणातला थोडा वाटा खाल्ला की पुढच्या तुकड्याकडे कमी ताण जातो. तिथे दाब कमी, म्हणून घटही कमी, पण टक्केवारी तीच. हे चक्रवाढ व्याजच, फक्त उलटं चालणारं. गणितात मांडायचं तर ताणातली सूक्ष्म घट म्हणजे घर्षणांक गुणिले ताण गुणिले कोनातला सूक्ष्म बदल. याचं संकलन केलं की ताणांचं गुणोत्तर ‘ई’ (सुमारे 2.718) या संख्येच्या घातात येतं, आणि तो घात म्हणजे घर्षणांक गुणिले रेडियनमधला एकूण कोन. एक वेढा 6.28 रेडियनचा. त्याला 0.25 ने गुणलं की 1.57, आणि 2.718 चा 1.57 वा घात 4.8. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं.

या सूत्रात एक गोष्ट कुठेच नाही: ड्रमची जाडी. जाडा ड्रम दोर अधिक घट्ट धरतो असं वाटतं, पण ते खरं नाही. त्रिज्या दुप्पट केली तर दर सेंटिमीटरला दाब निम्मा होतो आणि टेकलेली लांबी दुप्पट, म्हणजे हिशेब फिटला. मोठ्या ड्रमचा फायदा वेगळा: दोर कमी मुडपतो, कमी झिजतो आणि एका फेऱ्यात जास्त आत येतो. धक्क्यावर खुंट्याला दोन वेढे टाकून भरलेली होडी एका हाताने थोपवणारा खलाशी हेच गणित वापरत असतो.

घर्षणांक बदलला की मात्र सगळं पालटतं. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा उघडा दोर फार गुळगुळीत असतो. त्याचा घर्षणांक 0.08 धरला तर तीन वेढ्यांनी ताण जेमतेम साडेचारपट घटतो, आणि 7 ऐवजी जवळपास 180 किलो हातात येतात. म्हणून विंचवर येणाऱ्या भागावर पॉलिएस्टरचं आवरण चढवतात.

ओढतानाही घर्षणच कामाला येतं. हँडल फिरवणारा ड्रम फिरवतो, पण दोराचं सैल टोक कोणीतरी ताणून धरलं नाही तर ड्रम दोराखालून नुसता गरगरतो. 1962 मध्ये ‘ग्रेटेल’चे आराखडाकार अ‍ॅलन पेन यांनी विंच फिरवायची यंत्रणा अशी जोडली होती की चार माणसं एकाच ड्रमला जोर लावू शकत. वारंवार दिशा पालटण्याच्या चढाओढीत ती ‘वेदरली’ला भारी पडत होती. कप मात्र ‘वेदरली’नेच राखला.

मग सुरुवातीलाच चार वेढे का देऊ नयेत? कारण दोर सैल असताना भराभर ओढायचा असतो, आणि तेव्हा जास्त वेढे एकमेकांवर चढतात. भार आला की खालचा वेढा वरच्याला चिरडून धरतो. मग दोर ना आत येतो, ना बाहेर सुटतो. नौका वळवायची वेळ आली आणि जुना दोर असा अडकला, तर शीड उलट्या बाजूने फुगतं आणि नौका जोरात कलते. म्हणून आधी एक-दोन वेढे, आणि भार वाढला की तिसरा-चौथा. दोर ड्रमकडे किंचित खालून वर यावा. वरून आला की वेढे चढलेच समजा. अडकलाच, तर बोटांनी उकरायचा नाही. भाराकडच्या बाजूला दुसरा दोर सरकणार नाही अशा गाठीने बांधायचा, तो दुसऱ्या विंचवर घेऊन ताणायचा, आणि पहिला सैल पडला की सोडवायचा.

हात ड्रमपासून वीतभर तरी लांब हवा, आणि दोर मनगटाला गुंडाळायचा नाही. थोडा सोडायचा असेल तर तळवा वेढ्यांवर सपाट दाबून दोन-चार इंच सरकू द्यायचा.

वारा पडला की शिट्टी वाजवा, डोलकाठी नखाने खाजवा, वारा येतो, असं जुने खलाशी सांगत आले आहेत. शिट्टीनंतर वारा आला ते दिवस लक्षात राहतात, न आलेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. वारा नसेल तेव्हा दोरातही ताण नसतो. मग एक वेढा पुरतो.